सिमरोलच्या शेतातला कडुलिंब : ओढणं, चिरणं, फोडणं

कामाच्या नोंदी वहीत ठेवत होतो, त्या जवळपास तशाच उतरवतो आहे. चेन सॉला (पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीला) सरळ चिरायची जोडणी लावून घरच्या घरी फळ्या काढायच्या म्हणणाऱ्यांना मशीन कोणतं घ्यावं एवढाच प्रश्न पडलेला असतो. मलाही तोच पडला होता. माझे सर्वांत जास्त रविवार मात्र ओंडका जागेवरून हलवण्यात आणि कानस चालवण्यात गेले. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

९ जून २०२४

संध्याकाळच्या वादळात विहिरीजवळचा कडुलिंब मुळांसकट उलथला. शेत काकांचं, इंदूरहून खंडवा रोडने सिमरोलच्या अलीकडे आत. झाड आजोबांनी लावलेलं. छातीच्या उंचीवर घेर ५ फूट ८ इंच, म्हणजे जाडी साधारण ५५ सेंटीमीटर. काकांचा विचार होता की तोडून बंबाखाली घालावं. आई म्हणाली, झोपाळ्याची एक फळी आणि पंगतीचे पाट निघाले तरी बाबांचं झाड घरात राहील. मग मी हे काम अंगावर घेतलं.

आरा मशीनवर (लाकूड चिरायच्या गिरणीत) का नेलं नाही, हे सगळेच विचारतात. झाड विहीर आणि नाला यांच्या बेचक्यात पडलं होतं. हायड्रा क्रेन आत येत नाही, ट्रॉली येते पण ओंडका चढवायला काही नाही. मुरमाचा रस्ता झाडापासून १४० मीटरवर. रस्त्यापर्यंत आणून, भरून, धार रोडला नेऊन परत आणायचं तर अर्धं काम आपलंच राहतं.

१६ जून

आधी कागद. मध्य प्रदेशात यंत्रावर लाकूड चिरण्यासाठी १९८४ सालचा काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियम आहे. झाड आपलं, शेत आपलं म्हणून सरळ मशीन चालू करू नये. मी वनखात्याच्या रेंज ऑफिसात लेखी अर्ज दिला: वादळात पडलेलं एक झाड, घरच्या वापरासाठी, विक्री नाही. सोबत फोटो जोडले आणि पोच घेतली. त्यांचा माणूस येऊन झाड बघून गेला, त्यानंतरच हात घातला. तुमच्याकडे काय लागेल ते तुमच्या ऑफिसात विचारा.

२३ जून

६२ सीसीचा चेन सॉ, २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी). सियागंजमधून ८,६०० रुपयांना.

उलथलेल्या झाडाचं खोड कापताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते. मुळांचा चाकासारखा उभा राहिलेला गड्डा खोडाच्या वजनाने तोलून धरलेला असतो. खोड कापलं की तो परत खड्ड्यात बसतो. काकांचा नातू त्या खड्ड्यात उतरून गांडुळं शोधत होता. त्याला बाहेर काढला, त्या बाजूला दोरी बांधली आणि मगच काप घातला. काप पुरा होताच गड्डा दणकन मागे गेला. जमीन पायाखाली जाणवली इतकी हादरली. मुलाला बाहेर काढायला मला अर्धा मिनिट उशीर झाला असता तर, हा विचार अजून जात नाही. कृपा करून कापायच्या आधी खड्डा डोळ्यांनी बघा.

दोन ओंडके निघाले: पहिला २.४ मीटरचा, ५५ सेंटीमीटर जाड, दुसरा १.८ मीटरचा, ४४ सेंटीमीटर जाड. बाकीचे जळणाचे तुकडे.

३० जून

वजनाचा हिशेब आधी करायला हवा होता, तो आज केला. पहिला ओंडका ०.५७ घनमीटर भरतो. ओलं लाकूड घनमीटरला हजार किलोच्या आसपास धरलं तर पावणेसहाशे किलो. लाकूडबाजारात घेराचा चौथा हिस्सा काढून, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. त्या मापाने हा ओंडका १५.८ घनफूट येतो, खरा आहे २० घनफूट. वजन काढायला ते माप वापरू नका, पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं कागदावरून गायब होतं.

दोन सरी पडून गेल्या होत्या, पण माती वरून सुकलेली दिसली. शेजारच्या दादांचा ट्रॅक्टर लावला, साखळी बांधली, ओढला. ओंडक्याचं तोंड नांगरासारखं जमिनीत घुसलं. सालीवरून साखळी दोनदा सटकली. तिसऱ्या वेळी ट्रॅक्टरचं मागचं चाक एकाच जागी फिरत राहिलं आणि धुऱ्यापर्यंत रुतलं. आमची काळी माती वरून पापुद्रा धरते, खाली लोणी असतं. दुसरा ट्रॅक्टर बोलावून पहिला काढला. १,५०० रुपये आणि पूर्ण दिवस गेला. ओंडका सरकला चार मीटर.

पाऊस उघडेपर्यंत काम बंद.

१५ सप्टेंबर

अडीच महिने ओंडके तसेच पडून होते आणि मी दोन चुका करून ठेवल्या होत्या. साल काढली नव्हती, टोकांना रंग लावला नव्हता. आज सब्बल (पहार) घालून साल उचकटली तर खाली भुंग्याच्या अळ्या आणि पिठासारखा भुसा. बाहेरचं फिकट लाकूड दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत पोखरलेलं. आतल्या तांबूस गाभ्याला एक भोक नाही. अळ्यांच्या वाटा गाभ्याच्या कडेला येऊन वळलेल्या स्पष्ट दिसतात. संध्याकाळपर्यंत दोन्ही ओंडके सोलले, टोकांना जाड ऑइल पेंटचे दोन हात दिले. झाड पडल्याच्या आठवड्यातच हे करायचं असतं, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

२२ सप्टेंबर

ओंडका गाडी करायला घेतली. वेल्डर भियाने ऑगस्टमध्येच सांगून ठेवलं होतं की अनंत चतुर्दशीपर्यंत नाव काढू नका, हातात झांकीचं (मिरवणुकीतल्या देखाव्याचं) काम आहे. १७ तारखेची रात्र त्याची झांकीबरोबर रस्त्यावर गेली, मग दोन दिवस झोप. शनिवार-रविवार माझ्याकडे.

गाडी अशी: उलट्या यू आकाराची कमान, दोन्ही पायांना एकेक चाक, वर मधोमध पुढे जाणारी लांब दांडी. ओंडका कमानीखाली घ्यायचा, दांडी आभाळाकडे उभी करायची, कमानीच्या हुकाला साखळी अडकवायची आणि दांडी खाली ओढायची. ओंडक्याचं पुढचं तोंड उचललं जातं, मागचं टोक घासत येतं. हूक धुऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर आणि दांडीचं टोक २.४ मीटरवर, म्हणजे आठपट तरफ. पावणेसहाशे किलोच्या ओंडक्याचं अर्धं वजन उचलायचं तर दांडीच्या टोकाला ३५-३६ किलोचा जोर पुरतो. एक माणूस ते करू शकतो.

चाकं भंगारातल्या मारुती ८०० ची, १२ इंची रिमवाली, मागच्या धुऱ्याचे स्टब कापून घेतले. कमानीला ६५ मिलिमीटरचा पाइप.

६ ऑक्टोबर

पहिली चाचणी फसली. ओझं येताच कमानीचे पाय बाहेर फाकले आणि चाकं वरून आत, खालून बाहेर अशी तिरकी झाली. कमानीच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरपे टेकू दिलेच नव्हते. खाली आडवी पट्टी टाकता येत नाही, तिथून ओंडका जायचा असतो, त्यामुळे कोपऱ्यांवरच सगळा भार येतो. ७५ मिलिमीटरच्या लोखंडी चॅनलचे टेकू लावले, मग हललं नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. दांडी खाली दाबलेली असताना साखळी एक कडी सरकली आणि दांडी उसळून वर गेली. चुलत भावाच्या हनुवटीजवळून गेली. तिथेच काम थांबवलं. आता नियम असा: दांडी खाली आली की ती आधी ओंडक्यालाच दुसऱ्या साखळीने बांधायची, तोवर दांडीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला, माती बऱ्यापैकी सुकली. तरी नाल्याजवळच्या ३० मीटरच्या पट्ट्यात चाकं बसायला लागली. कडुलिंबाच्याच मनगटाएवढ्या फांद्या आडव्या, एकीला एक लावून अंथरल्या आणि त्यावरून गाडी नेली. मागच्या फांद्या उचलून पुढे, असं करत गेलो. या वेळी ट्रॅक्टर नव्हता. चार माणसं, दोन दांडीला आणि दोन मागे सब्बल घेऊन. पहिला ओंडका १४० मीटर आणायला अडीच तास लागले, दुसऱ्याला पन्नास मिनिटं. जूनमध्ये एक दिवस आणि दीड हजार रुपये घालून चार मीटर गेलेला ओंडका संध्याकाळी मुरमावर, दोन ठोकळ्यांवर बसलेला बघून काकांनी चहाबरोबर पोहे करायला लावले.

ठोकळे असे ठेवले की ओंडक्याला किंचित उतार राहील. चिरताना सॉ उताराकडे ढकलायचा, म्हणजे त्याचं वजन आपल्या बाजूने काम करतं.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिला काप. आज लक्षात आलं की २२ इंची बार म्हणजे २२ इंचाचा काप नव्हे. जोडणीचे दोन क्लॅम्प बारच्या दोन्ही टोकांना बसतात, मध्ये उरले ४३ सेंटीमीटर. ओंडका ५५ चा. ही चूक कागदावर पाच मिनिटांत कळली असती.

मोठा बार या इंजिनाला झेपला नसता. म्हणून ओंडक्याचे दोन्ही गाल उतरवले: दर दहा सेंटीमीटरवर सॉने उभी खाच आणि मधले तुकडे कुऱ्हाडीच्या मागच्या अंगाने ठोकून उडवायचे. जुने सुतार तुळया अशाच चौरस करत. पोखरलेलं लाकूडही त्यात निघून गेलं. दिवस त्यातच संपला.

१७ नोव्हेंबर

पहिल्या कापाला सॉ टेकवायला सपाट पृष्ठभाग नसतो, म्हणून बरेच जण शिडी बांधतात. मीही ॲल्युमिनियमची शिडी स्क्रूने बसवली. मधे तिला आधार नव्हता. सॉचं वजन आल्यावर ती मधे दबली आणि कापाखाली ओंडक्याचा पृष्ठभाग मधे ७ मिलिमीटर खोलगट आला. दुसऱ्या फळीसाठी सॉ त्याच पृष्ठभागावरून सरकला, ती पण तशीच. पहिल्या कापातली चूक पुढची प्रत्येक फळी जशीच्या तशी उचलते. दोन फळ्या चिरेपर्यंत काप सरळ आहे का हे मी दोरी ताणून बघितलंच नव्हतं.

दुरुस्ती: शिडी काढली. ५० बाय २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाच्या दोन पट्ट्या घेतल्या, दर ६० सेंटीमीटरवर लाकडाची उशी देऊन स्क्रूने घट्ट केल्या. दोन्ही टोकांना एकेक सरळ काठी आडवी ठेवली आणि एका डोळ्याने बघत दोन्ही काठ्यांच्या कडा एका रेषेत येईपर्यंत उशा कमी-जास्त केल्या. पाऊण तास गेला. नवा काप दोरीला लागून आला.

चेनबद्दल. दुकानातली साधी चेन आडव्या कापासाठी ३० अंशांत घासलेली असते. या जोडणीत दात थेट लाकडाच्या रेषांच्या (धाग्यांच्या) टोकांवर चालतात, म्हणून कोन १० अंशांवर आणावा लागतो. तशी तयार चेन मला मिळाली नाही. ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशीने ८६ कड्यांच्या चेनचे ४३ दात हातानेच बदलले, पहिल्या वेळी दोन तास लागले. फरक लगेच हाताला कळतो. आधी सॉ धक्के देत होता आणि फळीवर लाटा उठत होत्या, आता सरळ चालतो. दर दुसऱ्या कापानंतर प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारायचेच. भुसा मैद्यासारखा बारीक पडायला लागला की चेन बोथट झाली. तेव्हा जोर लावू नका, थांबा.

२४ नोव्हेंबर

सुरळीत दिवस, तीन फळ्या. एक काप २.४ मीटरचा, १४ मिनिटं, साडेतीनशे मिली पेट्रोल. पण फळी ते फळी सव्वा तास धरा: धार, इंधन, कापाच्या मागे पाचरी ठोकत जाणं (नाहीतर फळी खाली बसून बार आवळते), फळी उचलून ठेवणं. इंजिन इतका वेळ पूर्ण जोरावर चालतं म्हणून लिटरला २० ऐवजी २५ मिली टू-स्ट्रोक ऑइल घातलं आणि प्रत्येक कापानंतर दोन मिनिटं मंद चालवून मगच बंद केलं.

चेनसाठी जळकं इंजिन ऑइल वापरू नका. मी पहिल्या दिवशी वापरलं. त्यातल्या गाळाने तेलाचं भोक बुजलं आणि बारची कड निळी पडली. नंतर ९० नंबरचं गिअर ऑइल घातलं.

१ डिसेंबर

पहिल्या ओंडक्याची सहावी फळी. निम्म्यावर असताना ठिणग्या उडाल्या आणि सॉ नाचायला लागला. बंद केला, बार बाहेर काढला. अकरा दातांची टोकं गेलेली. पाचर घालून फळी उचकटून पाहिली तर आत बोटाएवढा जुना चौकोनी खिळा, चेनने तिरका कापलेला, चांदीसारखा चकचकीत. त्याच्याभोवती तळहाताएवढं लाकूड शाईसारखं निळं-काळं. काकांनी खिळा ओळखला. लहानपणी याच झाडाला ते गुरांचं दावं बांधायचे. खिळ्यावर पुढे १९ सेंटीमीटर लाकूड चढलं होतं.

हे टाळता आलं असतं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून हा काळा डाग होतो आणि तो रेषांबरोबर लांबवर पसरतो. खोडाच्या टोकावर निळसर ठिपका मी सप्टेंबरात रंग लावतानाच पाहिला होता. बुरशी समजून त्यावर ब्रश फिरवला. शेतातल्या, घराजवळच्या, कुंपणावरच्या झाडाची टोकं चिरण्याआधी नीट पाहा. निळं-काळं दिसलं तर त्या उंचीवर लोखंड आहे असंच समजा.

डाग असलेली फळी आईने मागून घेतली. झोपाळ्याला तीच लावायची म्हणते.

८ डिसेंबर

दुसरा ओंडका एका दिवसात झाला, पाच फळ्या. विशेष काही नाही.

१५ डिसेंबर

आता जळण फोडणं. १० टनाचा बाटली जॅक आणि चॅनलची चौकट, मिळून ४,४५० रुपये. हा खर्च वाया गेला असंच लिहितो.

आधी जॅक आडवा चालेचना. आडव्या जॅकचा पंप वरच्या बाजूला राहिला की तो तेलाऐवजी हवा ओढतो. पंप खाली येईल असा फिरवला तेव्हा दांडा सरकायला लागला. मग कळलं की दांडा १५ सेंटीमीटरच येतो. आंबा असता तर तेवढ्यात दोन फाका झाल्या असत्या. कडुलिंबाच्या रेषा मात्र एकमेकींत गुंतलेल्या असतात, एक थर उजवीकडे कलतो तर पुढचा डावीकडे. तुकडा मोठ्याने तडकतो, फट पडते, पण आत धाग्यांचे पूल तसेच राहतात, शिवण उसवल्यासारखे. मग जॅक मागे घ्या, मधे ठोकळा घाला, पुन्हा पंप मारा. एका तुकड्याला नऊ मिनिटं. सातव्या तुकड्याला चौकटीचं वेल्ड फाटलं. जॅक आता काकांच्या ट्रॉलीची चाकं बदलायला जाईल.

शेवटी घण आणि दोन पाचरींवर आलो. मधोमध फोडायचा नाद सोडला. कडेपासून दोन-दोन इंचाच्या चकत्या सोलत आत जायचं, तुकडे दीड फुटाऐवजी नऊ इंचाचे ठेवायचे. असा एक तुकडा तीन मिनिटांत होतो. फांद्यांच्या जोडावरचे जे तेवढ्यानेही ऐकत नाहीत, ते आडवे ठेवून सॉने रेषेच्या दिशेनेच कापले. तेव्हा भुसा शेवयांसारखा लांब निघतो आणि क्लचच्या झाकणात कोंबून बसतो, दर मिनिटाला काढावा लागतो. हे सगळं जूनमध्ये, लाकूड ओलं असताना करायला हवं होतं.

२२ डिसेंबर

खर्च, रुपयांत. सॉ ८,६००. चिरायची जोडणी ३,४००. तीन जादा चेन १,९५०. कानशी ३६०. ओंडका गाडी, वेल्डर आणि साखळ्या धरून, १०,६५०. जॅक-चौकट ४,४५०. रुतलेला ट्रॅक्टर १,५००. पेट्रोल-ऑइल २,३००. रंग वगैरे ४८०. एकूण ३३,६९०.

हाती आलं साधारण १४ घनफूट, म्हणजे घनफुटाला २,४०० रुपये. एका झाडासाठी हे परवडत नाही आणि परवडतं असं मी सांगणार नाही. शिवाय चेनचा काप ९ मिलिमीटर रुंद पडतो. आठ कापांत ७२ मिलिमीटर लाकूड भुसा झालं, माझ्या मापाच्या दीड फळीच्या जाडीहून जास्त. आरा मशीनची पट्टी दोन-तीन मिलिमीटरच खाते. ओंडका रस्त्यावर आणता येत असेल तर गाडी तेवढी बनवा आणि चिरायला आरा मशीनवरच द्या. माझ्या सगळ्या खर्चात मी पुन्हा आनंदाने करीन तो गाडीचाच.

१६ फेब्रुवारी २०२५

फळ्या गोठ्याच्या सावलीत रचल्या आहेत. दर ५० सेंटीमीटरवर एक इंची पट्ट्या, एकावर एक सरळ रेषेत, वर दगडांचं वजन. वाळण्याचा अंदाज घ्यायला त्याच ओंडक्याचा एक फूटभर तुकडा ढिगातच ठेवला आहे, पंधरवड्याला किचनच्या काट्यावर तोलतो. डिसेंबरात ३,९१० ग्रॅम होता, आज ३,१४०. गेल्या खेपेपासून १३० ग्रॅम उतरला, म्हणजे अजून बरंच पाणी आहे. इंचाला वर्ष हा जुना हिशेब धरला तर या फळ्यांना पुढच्या वर्षीचा उन्हाळा लागेल.

टोकांच्या भेगा ११ सेंटीमीटर आत गेल्या आहेत. दोन्हीकडून तेवढं कापलं तरी जवळपास २.२ मीटर उरतं आणि झोपाळ्याला दीड मीटर पुरे. खिळ्याचा डाग त्या दीड मीटरच्या बरोबर मधे येतो, हे आईने टेप लावून पाहून घेतलं आहे.